मोडलेलं गवत

पुष्कळ काळ लोटला त्याला. एका माळावर उंच गवत होतं आणि गवताच्या मधोमध एक बुटकं झुडूप. त्या झुडपात एक शिंपीण पाखरू राही. पानाला पान शिवून ती बाळांसाठी झोळ्या करी. उंदरीण, सशीण, घूस, सगळ्या तिच्याकडे येत. येताना कोणी कापूस आणी, कोणी किडे. तिची स्वतःची पिल्लंही लहान होती. त्यांना नजरेआड करवत नाही, म्हणून ती घरीच काम करी.

माळावर एक नियम होता. म्हाताऱ्या कासवाने तो घालून दिलेला. घरी काम करावं, गिऱ्हाईकही यावं, पण येण्याजाण्याने गवत मोडलं की थांबावं. ते पुन्हा उभं राहीपर्यंत कोणाला बोलवू नये.

आधी शिंपिणीने तो पाळला. मग गर्दी वाढली. आलेल्या आईला परत कसं पाठवायचं? आणि पाठवली, तर ती पुन्हा येईल कशावरून? असं म्हणत ती शिवत राहिली. गवत आडवं झालं, तिथे वाट पडली.

वाटेच्या कडेला लावी पक्षीण राहत होती. ती बिचारी जमिनीवरच अंडी घालणारी. ती म्हणाली, "अगं बाई, थोडे दिवस थांब ना. वाट माझ्या दारावरून गेलीय."

"माझं बरं चाललेलं बघवत नाही का तुला?"

"बघवतं गं. पण तुझी पिल्लं वर आहेत, माझी अंडी खाली."

"एवढं सशिणीचं काम होऊ दे, मग थांबते."

सशिणीमागून घूस आली. घुशीमागून कोल्हा आला.

तो हुंगत शोधत आला नाही. सरळ वाटेने चालत आला. लावीने पंख आपटले, ओरडली, पण त्याने अंडी खाल्लीच. मग झुडपाखाली येऊन त्याने वर बघितलं. घरटं त्याच्या तोंडापासून जरासंच उंच होतं.

"हा माळ हुंगून हुंगून नाक झिजलं होतं माझं," तो म्हणाला. "वाट पाडलीत, बरं केलंत." आणि ओठ चाटत निघून गेला.

शिंपिणीने पिल्लं पंखाखाली घेतली. तिची सगळी होती. खाली लावी रिकाम्या खळग्याभोवती फिरत होती.

त्यानंतर शिंपिणीने गिऱ्हाईक घरी बोलावलं नाही. झोळी शिवून झाली की स्वतः चोचीत धरून पोचवी. जाताना तिचा सगळा जीव पिल्लांत अडकलेला असे, तरी जाई. हळूहळू गवत उभं राहिलं. लावी मात्र माळ सोडून गेली, ती परत आली नाही.

तात्पर्य: घरात धंदा जरूर करावा, पण त्याची वाट शेजाऱ्याच्या दारावरून पाडू नये.