वळचणीची केरसुणी

“अंतर किती म्हणालास?”

“पावणेदहा हजार किलोमीटर, बुवा. मेलबर्न ते मुंबई. थेट विमानाने तेरा तास.”

जयवंतने हे ठणकावून सांगितलं. विमानांचे मार्ग आखणं हेच त्याचं काम. आभाळातला कुठला वारा कुठे आडवा येतो, हे त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याचा थोडा तोराही होता.

नदीकाठच्या या मठातच लहानपणी केशवबुवांनी त्याला अक्षरं गिरवायला शिकवली होती. बुवा तेच, पिंपळही तोच. नदीवरून धुकं हळूहळू वर येत होतं. सकाळ आहे की संध्याकाळ, कळू नये असं.

“आई गेल्याचं कळलं तसा निघालो,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी दारात. अग्नी दिला, तेरावं झालं. पण बुवा... रडूच येत नाही. माझीच मला भीती वाटते. इतका कसा कोरडा झालो मी?”

बुवांनी अंगणाकडे नजर टाकली.

जयवंतने पाय हलवला, तशी वाळकी पानं चुरचुरली. अंगणभर पानंच पानं, घोट्याएवढी. तो चिडलाच.

“कुणी झाडत नाही का इथे?”

“तुझी आई झाडायची. रोज.”

“आठवतंय. मग?”

“तू परदेशी निघालास, त्या दिवशी तिने केरसुणी वळचणीला खोचली. माणूस प्रवासाला निघालं की पोचेपर्यंत केर काढू नये. ठाऊक आहे ना?”

“पण त्याला सात वर्षं झाली! मधे येऊनही गेलो मी.”

“आला होतास. चहा निवेपर्यंत दोनदा घड्याळ बघितलंस.”

“आणि पोचल्या पोचल्या विमानतळावरून आईला फोन केला होता.”

“हो. सांगायला आली होती मला. म्हणाली, ‘आवाज पोचला बुवा, पोर अजून वाटेतच हाय.’”

...

तेव्हापासून गाव बुवांना हसायचं. मठ आहे की उकिरडा, म्हणायचं. बुवांनी कधी मनावर घेतलं नाही. वारा आपल्या परीने अंगण झाडून जायचा, पिंपळ ते पुन्हा भरून टाकायचा.

जयवंत उठला. वळचणीला केरसुणी तशीच खोचलेली होती. मुठीला आईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. याच लुगड्याला तोंड पुसून तो शाळेत पळायचा.

हात वर गेला... आणि मधेच थांबला.

तो तिथेच पानांत बसला. आधी नुसते खांदे हलले. मग त्याला हुंदका फुटला, आणि लहान मूल रडतं तसा तो रडला. धुकं अंगणात उतरलं, पिंपळ दिसेनासा झाला. किती वेळ गेला, त्याने मोजला नाही.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. वळचणीतून केरसुणी ओढली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि त्याच्यापुढे धरली.

“घे, जयवंता. आता केर काढ.”