सावळा वाचक आणि दहा वर्षं राहिलेला पाठ

हे लिहायचं काम माझं नव्हे. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, चार ओळी लिहिल्या की मनगट धरतं. पण पाळकीणबाई दोन महिने दारात येऊन उभ्या राहतायत. म्हणतात, सावळ्याची गोष्ट लिहून ठेवा, जुन्यांपैकी तुम्हीच उरलात. उरलो हाच गुन्हा झाला म्हणायचा. तर लिहितो, एकदाच लिहितो. मधेच कुणी "असं नव्हतं, तसं होतं" म्हणू नये. तुम्ही तिथं नव्हता. मीही नव्हतो.

फार वर्षं झाली. किती, ते कुणाला सांगता येत नाही. तेव्हा आमच्या कोळदऱ्याला सडक नव्हती, शाळा नव्हती, आणि आपलं प्रभूचं देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती नि वर पाचट. मिशनाचे पाळक दोन महिन्यांतून एकदा तट्टावरून यायचे. बाकीचे दिवस मंडळी सावळ्याच्या हवाली. सावळा केकताडाचे दोर वळायचा. अक्षर शिकला तो चाळिशीत, आणि सगळ्या मंडळीत वाचता येत होतं ते त्याला एकट्याला. असं म्हणतात, की दोराचा पीळ धरावा तसं तो अक्षर बोटाखाली धरायचा, आणि ते पुरतं वाचून झाल्याशिवाय त्याला सोडायचा नाही.

मिशनातून दर वर्षी एक तक्ता यायचा. कोणत्या दिवशी शास्त्रातला कोणता पाठ वाचायचा, ते त्यात नेमलेलं असायचं. सावळा तो दाराच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवायचा. पाळकांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की लोक आवडीचं मागतील, ते देऊ नकोस. आवडीचं त्यांच्या पोटात आधीच असतं. नेमलेलं वाच.

सावळ्यानं ते असं धरलं की लोकांना नको झालं. कुणाच्या लग्नाच्या सकाळी अंगावरच्या चट्ट्यांचे नियम नेमलेले असले, तर नवरानवरीला चट्टे ऐकावे लागायचे. कुणाचं बारसं असलं आणि पाठात नुसती बापजाद्यांची नावं असली, तर तो घाम पुसत साठ नावं वाचायचा. बाया म्हणायच्या, मेंढपाळाचं स्तोत्र वाच की रे, जिवाला बरं वाटतं. तो म्हणायचा, बावीस दिवसांनी आहे. तापानं फणफणला तरी तो वाचायला यायचा. असं म्हणतात, की एकदा मोठ्या पुरात ओढा ओलांडायला वाट नव्हती, तेव्हा तो पलीकडच्या काठावरून वाचत राहिला, आणि पुराच्या आवाजावरून त्याचा शब्द न् शब्द देवळात ऐकू आला.

त्याला एकच मूल. हन्ना तिचं नाव. सहा वर्षांची असताना तिला ताप भरला, तो उतरेना. मिशनाचा दवाखाना सात कोसांवर. सगळ्या वस्तीत बैलगाडी एकच, ती सावळ्याच्या धाकट्या भावाची, रावजीची. रावजीनं गाडीत कांदे भरले होते. तो म्हणाला, बाजार करून येतो, मग ने. सावळ्यानं पोरीला पाठीवर बांधलं आणि चालत निघाला. तिसऱ्या कोसावर पोरीचे हात त्याच्या गळ्यातून सुटले.

तिला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या सकाळीही तो वाचायला उभा राहिला. पाठ आनंदाचा होता. डफ-झांजा वाजवा, असलं काहीतरी. त्यानं तोही वाचला. रावजी दाराशी बसला होता. सावळ्यानं त्याच्याकडे बघितलं नाही, आणि पुढं अकरा वर्षं त्याच्याशी शब्द बोलला नाही.

आता इथं खरी गोष्ट आहे. ज्वारी हुरड्यात आली की तक्त्यात एक पाठ यायचा. पेत्र प्रभूला विचारतो, की भाऊ चुकला तर त्याला किती वेळा माफ करायचं, सात वेळा पुरे का? आणि प्रभू सांगतो तो आकडा सातावर थांबत नाही. पहिल्याच वर्षी तो दिवस उजाडला आणि सावळ्यानं देवळाचं दार उघडलं नाही. दोरांचं ओझं डोक्यावर घेतलं आणि तालुक्याच्या गावाला निघून गेला. तिथं त्या दिवशी बाजारही नव्हता. रिकाम्या ओट्यावर दोर मांडून तो दिवसभर बसला.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. कोळदऱ्यात अक्षर न येणाऱ्यालाही तो दिवस कळायला लागला. सावळा दोर घेऊन निघाला, की समजायचं आजचा पाठ कोणता. दहाव्या वर्षी सुभक्ता म्हातारीनं त्याला वाटेत गाठलं. म्हणाली, "सावळ्या, वरीसभर आम्हाला नेमलेलं ऐकवतोस. एक दिवस तुझ्यावर नेमलाय, तर पळतोस होय?"

तो थांबला नाही. पण दोर त्या दिवशी त्याला जड गेले. असं म्हणतात, तेव्हापासून त्याचे खांदे वाकले ते वाकलेच. वाचायचा, पण आवाजात जीव नव्हता. थकला होता. राग धरून ठेवायलाही ताकद लागते, ती त्याची संपत आली होती, आणि सोडायचा कसा ते त्याला येत नव्हतं.

अकराव्या वर्षी तो असाच गेला आणि दिवस कलता परत आला. वेशीवर येऊन बघतो तर एकाही घरातून धूर नाही. कुत्री देवळाच्या ओट्यावर बसलेली. दार उघडं. आत सगळी मंडळी, बाया-बाप्ये, तान्ही पोरं, सकाळपासून तशीच बसलेली. आणि समोर रावजी उभा. त्याला अक्षर येत नव्हतं. शास्त्राचं ते जाडजूड पुस्तक त्यानं दोन्ही हातांवर उघडं धरलं होतं, तेही उलटं. पायांना सूज आली होती.

रावजीच बोलला.

"मला येत नाही वाचायला, दादा. पण दर वर्षी माझ्यापायी हा पाठ राहतो. आज वाचल्याबिगर दिवस जाऊ द्यायचा नाही म्हणून उभा राहिलो. गाडी मी द्यायला पाहिजे होती."

सावळा दारात उभा राहिला. मग डोक्यावरचं ओझं खाली टाकलं, पुढं गेला, भावाच्या हातातलं पुस्तक सुलटं केलं, पाठाचं पान काढलं, पण हातातून काढून घेतलं नाही. तिथंच बोट ठेवून वाचायला लागला.

एकदा वाचून झालं. लोक उठायला लागले. तो म्हणाला, "बसा. दहा वर्षांचे राहिलेत."

पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. असं म्हणतात, की सूर्य टेकडीच्या माथ्यावर हातभर राहिला होता तो तिथंच थांबला. दिवसाचा पाठ दिवसातच वाचायचा असतो, म्हणून थांबला. पाखरं झाडावर परतली, गुरं दावणीला आली, पण ऊन देवळाच्या दारातून हललं नाही. पहिल्या वेळी त्याचा आवाज दगडासारखा होता. पाचव्या वेळी तो फाटला. नवव्या वेळी बोट एका शब्दावर अडकलं, आणि तो रडला का नाही यावर अजून भांडणं होतात. अकराव्यांदा नुसते ओठ हलत होते, तरी शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला ऐकू आलं, असं म्हणतात.

माफ केलं, असं सावळा म्हणाला नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो पदरचं सांगतो. त्यानं पुस्तक मिटलं आणि अकरा वर्षांनी भावाशी पहिला शब्द बोलला.

"बस रावजी. पाय दुखले असतील."

मग सूर्य मावळला.

आता देऊळ सिमेंटचं आहे. तक्ताही बदलला. आता तो तीन वर्षांचा येतो, आणि तो पाठ तीन वर्षांतून एकदाच नेमलेला असतो. कोळदरा तो दर वर्षी वाचतो. हुरड्याच्या दिवसांत, सावळ्याच्या नावानं, अकरा वेळा. वाचून होईपर्यंत चूल पेटत नाही. वाचायचं त्यानं, ज्याच्या मनात सल आहे. पुस्तक हातांवर धरायचं त्यानं, ज्यानं तो सल दिला. दोन-तीन पाळकांनी हे बंद करायचं म्हणून बघितलं. त्यांची बदली झाली, पाठ आहे तिथंच आहे.

गेली चार वर्षं मी वाचायला उठतो. अकरा वेळा वाचताना दम लागतो. कापणीच्या सणाला देवळात वाहिलेलं लिलावात काढतात, त्यातला कोंबडा मी पळवला, असं एकानं भर मंडळीत सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी तो कोंबडा देवळाच्या माळ्यावर आरवला. सगळ्यांनी ऐकला. तरी चार वर्षं पुस्तक पाळकीणबाईंनाच धरावं लागतं. ज्यानं धरायचं, तो दुसऱ्या रांगेत बसून छताकडे बघतो. त्याचं नाव बेंजामिन दगडू वैरागर.