कारवेळच्या कन्याशाळेचे भरतवाक्य

भरतवाक्य हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. समारंभातील शेवटच्या भाषणाला लोक भरतवाक्य म्हणतात. कोणी सेवेतून निवृत्त झाला, तर त्याच्या कारकिर्दीचे भरतवाक्य झाले असे लिहून मोकळे होतात. या शब्दातला भरत रामाचा भाऊ नव्हे. भरत म्हणजे नट. कथानक सरल्यावर नट आपली भूमिका उतरवून ठेवतो आणि सर्वांचे कल्याण व्हावे अशी प्रार्थना स्वतःच्या मुखाने करतो, ते भरतवाक्य. तोवर जो बोलला तो राजा असेल, ऋषी असेल. हे एवढे वाक्य मात्र त्या माणसाचे. ते उच्चारले की नाटक संपले. त्यापूर्वी ते संपत नाही, पडदा पडो वा न पडो.

खाडीच्या उत्तर तीरावरील कारवेळ गावात मुलींची एक जुनी शाळा आहे. दर वैशाखात तेथील मुली भर दुपारी संगीत नाटक करतात आणि त्याला भरतवाक्य नसते. शेवटचा प्रवेश होतो, पेटीचा सूर तेवढा चालू राहतो आणि मुली वेषासकट रंगमंचावर बसून राहतात. प्रेक्षकांनी आपापले उठून जायचे. शेवटचा माणूस अंगणाबाहेर गेल्यावाचून पडदा ओढत नाहीत. परगावचे पाहुणे हटकून टाळ्या वाजवतात. मग बत्तीस वर्षे या शाळेत गाणे शिकवून निवृत्त झालेल्या अंबूताई खांबेटे हात वर करून त्यांना थांबवतात. "टाळ्या नकोत हो. नाटक संपलेलं नाही," असे म्हणून त्या पाहुण्यांना पायरीवर बसवतात आणि जे सांगतात, ते येथे दिले आहे.

या गोष्टीला शंभर वर्षे होत आली असे सांगतात. शाळा नुकती सुरू झाली होती. शाळा चालवणाऱ्या भागीरथीबाई विधवा होत्या. मुली त्यांना नुसते बाई म्हणत. मुलींनी गावे, रंगमंचावर उभे राहावे, हे बाईंनी गावाच्या गळी उतरवले ते त्र्यंबकपंतांच्या आधाराने. पंत शाळेचे अध्यक्ष होते आणि नाटकाचे नादी होते. कोठे संगीत नाटक लागले की दहा कोस चालत जात. त्यांची थोरली लेक द्वारका शाळेत सर्वांत गोड गात असे. ती चौदा वर्षांची होती. पुढल्या फाल्गुनात तिची शेवटची परीक्षा होती, आणि ती उत्तीर्ण झाली तर बाईंच्या हाताखाली शिक्षिका म्हणून उभी राहणार होती.

तेवढ्यात खाडीपलीकडून स्थळ आले. वर सेहेचाळीस वर्षांचा, बिजवर. त्याची धाकटी मुलगी द्वारकेहून दोन वर्षांनी मोठी होती म्हणे. पंतांनी शब्द दिला. सिंहस्थ लागत होता. त्यात लग्ने वर्ज्य. त्यापूर्वीचा अखेरचा मुहूर्त निघाला तो नेमका नाटकाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्योदयाला, वराच्या गावी. तो चुकला असता तर तेरा महिने लग्न नव्हते. तेरा महिन्यांत परीक्षा झाली असती. आणि तेवढे थांबण्याची वरपक्षाची तयारी नव्हती, हे त्यांनी आधीच कळवले होते.

बाई पंतांकडे गेल्या. लग्न मोडा असे म्हणण्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी एवढेच मागितले, की द्वारकेला नाटक करू द्यावे. पंत नाटकवेडे होते. लेकीचे गाणे पंचक्रोशीने ऐकावे अशी त्यांनाही हौस होती. देवळातल्या समईवर हात ठेवून ते चार माणसांदेखत बोलले, "भरतवाक्य होईपर्यंत द्वारका शाळेची. भरतवाक्य झालं की माझी." नाटकाच्या परिभाषेत शपथ घेणारा बाप दुसऱ्या कोणत्या गावात झाला नसता.

खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. भरती असेपर्यंतच त्यावरून पलीकडे होडी जाते. ओहोटी लागून दांडा उघडा पडला की वाट बंद. रात्रीच्या भरतीला होडी घालण्याची तेव्हा चाल नव्हती. त्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास दांडा उघडा पडणार होता. वऱ्हाड होडीत बसले होते, नवरीचे कपडे बोचक्यात बांधलेले होते; नाटक दोन प्रहरी सुरू होऊन उन्हे कलण्यापूर्वी संपायचे होते.

नाटक बाईंनी स्वतः रचलेले होते: शबरी रामाची वाट पाहते आणि अखेरीस राम येतो. द्वारका शबरी झाली होती. राम झाली होती ठकी नावाची आठ वर्षांची मुलगी. जरीचा अंगरखा, पुठ्ठ्याचा मुकुट, हाती धनुष्य. राम शेवटच्या प्रवेशात यायचा होता.

पहिल्या पदालाच बायकांनी "वन्स मोअर" दिला. दुसऱ्यालाही. एरवी ज्यांच्या तोंडून इंग्रजीचे अक्षर निघाले नव्हते अशा बायका पदर सावरीत ओरडत होत्या. त्यांच्यात आवलीआजी नावाची सोवळी म्हातारी होती. तिचा आवाज सगळ्यांच्या वर. तिच्या सुनेने विचारले, "आत्याबाई, तिसऱ्यांदा तेच पद?"

"तू गप गो. मला कमी ऐकू येतं. चौथ्यांदा गाईल तेव्हा कळेल."

पहिल्या रांगेत पंत मान डोलवीत होते. लेकीचे कौतुक त्यांना पुरत नव्हते. कट असा कोणी केला नव्हता, असे अंबूताई आवर्जून सांगतात. कोणी कोणाशी बोललेच नव्हते. गावातल्या बायकांना मुहूर्त ठाऊक होता, भरतीची वेळ ठाऊक होती, आणि पंतांची शपथही ठाऊक होती.

उन्हे कलली तरी राम येईना. बाजूच्या पडद्याआडून त्याला कोणी पुढे सोडीना. ऋषिकन्या झालेल्या मुली शबरीला विचारीत, राम कोठवर आला? शबरी म्हणे, पंपासरोवरापर्यंत आला असेल. मग सरोवराचे वर्णन, मग वाटेतल्या वनांचे, मग बोरांचे. लिहिलेले पाठ केव्हाच सरले होते. मुली सुचेल ते गात होत्या. पेटीवर बाई होत्या. पद संपले की त्या थांबत नसत, मागल्याच ओळीवर फिरून येत.

पंतांची मान डोलायची थांबली. कुंपणापाशी धाकू तांडेल आला होता. ते वऱ्हाड त्याच्याच होडीत होते. तो ओरडला, "पंतानू, पानी काय माझ्या बापाचा नोकर नाय थांबायला!"

पंतांचा धाकटा भाऊ उठला. "दादा, मी आणतो तिला धरून."

"खाली बस," पंत म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"शब्द त्यांनाही दिलाय ना? पलीकडे?"

पंतांचे डोळे लेकीवर होते. ते भरून वाहत होते आणि पंत ते पुसतही नव्हते, असे सांगतात. ते अश्रू कशाचे होते ते कोणाला कळले नाही.

ठकी दोन प्रहरापासून पडद्याआड उभी होती. शबरीची बोरे खाल्ल्यावाचून राम काही खाणार नाही, असे तिने सकाळी मनाशी ठरवले होते. तिने पाणीसुद्धा घेतले नव्हते. खाली बसले तर अंगरखा चुरगळेल म्हणून ती बसलीही नव्हती. वैशाखातला तो दिवस. प्रेक्षकांना ती दिसत नव्हती. शबरीच्या जागेवरून मात्र दिसत होती.

द्वारकेने पाहिले, की ठकी धनुष्याची काठी करून तिच्यावर रेलली आहे. पुन्हा पाहिले तेव्हा ती ओकत होती, आणि अंगरख्यावर डाग पडू नये म्हणून वाकत होती. मागच्या मुली तिला दंडाला धरून उभी करीत होत्या, कारण रामच पडला तर प्रयोग मोडतो; आणि मोडलेल्या प्रयोगातून मुलीला उचलून नेण्यास शपथेचा अडसर उरत नाही. संवादांची वही घेऊन बसलेली मुलगी कुजबुजली, "द्वारके, अर्धी घटका. नुसती बसून राहा गो, अर्धी घटका." तेवढ्यात ठकीचा मुकुट घरंगळला. तिने तो उचलून परत घातला आणि ती पुन्हा सरळ उभी राहिली.

शबरी उठली. "राम आला," ती म्हणाली.

कोणी हलले नाही. तिने स्वतः जाऊन ठकीचा हात धरला, तिला रंगमंचावर आणले, मांडीवर घेतले आणि द्रोणातली बोरे चारली. मग तिला इतरांच्या हाती देऊन ती पुढे आली. शबरीचे वल्कल म्हणून पांघरलेले गोणपाट काढून तिने खाली ठेवले. बाईंनी पेटीवरून हात उचलले होते. भरतवाक्य सर्व मुलींनी मिळून म्हणायचे होते. एकीनेही तोंड उघडले नाही. द्वारकेने ते एकटीने, पेटीवाचून म्हटले. सर्वांचे कल्याण होवो, असा त्याचा अर्थ. मग ती पायऱ्या उतरून बापापाशी जाऊन उभी राहिली.

होडी दांड्यावरून गेली तेव्हा वल्ही वाळूला लागत होती.

पुढल्या वैशाखात बाईंनी नाटक बसवले, पण भरतवाक्य शिकवले नाही. मुलींनी कारण विचारले. बाई म्हणाल्या, "नाटक थांबवायला हवं होतं मी. मी पेटी वाजवत राहिले, आणि ते तिला करावं लागलं." याहून अधिक त्या कधी बोलल्या नाहीत. आजही कारवेळच्या कन्याशाळेत भरतवाक्य म्हणत नाहीत, आणि शिकवीतही नाहीत.

ही गोष्ट बाजारपेठेत आणि होडीवर वेगळी सांगतात. तेथे म्हणतात, की बापाने लेकीला फरफटत नेले, नाटक अपुरे राहिले, तिने दांड्यापाशी खाडीत उडी घेतली आणि भरतीच्या पाण्यात अजून तिचे गाणे ऐकू येते. हे सर्व चूक आहे. तिने उडी घेतली नाही. पलीकडच्या तीरावर तिने एकोणचाळीस वर्षे संसार केला आणि त्या घरात तिला गाता येते हे कोणास ठाऊक नव्हते. तिला कोणी फरफटत नेले नाही. नाटक अपुरे राहिले असते तर बरे झाले असते. ते पूर्ण झाले. तिनेच ते पूर्ण केले, आणि तेव्हा दांड्यावर अर्ध्या घटकेचे पाणी शिल्लक होते.