डोळा नसलेले कंद

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक म्हातारी सायाळ राहत असे. सायाळींची जात कंद खाणारी. ही मात्र कंद लावणारी. तिच्या अंगणात डेलियाची फुले फुलत, ताटलीएवढी मोठी आणि दुधात चिमूटभर कुंकू पडावे तशी फिकट गुलाबी. बाजूच्या कळ्या खुडून ती प्रत्येक फांदीवर एकच कळी वाढू देई, म्हणून फुले एवढी मोठी होत. हरणांकडे लग्न असो की सशांकडे बारसे, गुच्छ तिच्याच फुलांचा. मुलांनो, या फुलांचा पहिला कंद तिच्या लेकीने लावला होता. लेक पुढे तापाने गेली. तेव्हापासून पहिले फूल उमलले की सायाळ म्हणे, "आली गं माझी बाई!" आणि दिवसभर त्या फुलाजवळ बसून राही.

एके वर्षी थंडी सरली, झाडे वाळली आणि कंद काढायची वेळ झाली. पण सायाळीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेजारचे अस्वल म्हणाले, "मावशी, मी असताना काळजी कसली?"

"बाबा, हे ताकदीचं काम नाही," सायाळ म्हणाली. "डोळा बघून एकेक कंद वेगळा कर. डोळ्याशिवाय कोंब येत नाही. समजलं ना?"

अस्वलाला ठाऊक होते ते फक्त बटाटे. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा मात्र कंदाच्या मानेवर, जुन्या खोडाला अगदी चिकटून असतो. हे त्याने विचारले असते तर कळले असते. पण एवढे मोठे धूड, आणि म्हातारीला विचारायचे? त्याने जोरात मान डोलावली. "समजलं, समजलं!"

मग त्याने माना मोडून एकेक कंद तोडला. गुबगुबीत तेवढे ठेवले आणि खोडाला चिकटून राहिलेले किडमिडीत तुकडे चघळून टाकले. कंद कोरड्या वाळूत राहिले. पावसाळा संपताच अस्वलानेच ते वाफ्यात लावले. सायाळ रोज पाणी घाली, रोज माती चाचपून बघे. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला, एकही कोंब वर आला नाही. शेवटी तिने एक कंद उकरला. तो पिळपिळीत झाला होता. तिने वरच्या टोकावर बोट फिरवले, तर मान नव्हती. दुसरा उकरला, तिसरा उकरला. एकालाही मान नव्हती.

"बाकीचं कुठं आहे रे?" तिने विचारले.

"ते मी खाल्लं," अस्वल म्हणाले आणि रडू लागले. "मावशी, मी दुसरी फुलं आणतो. सगळं रान पालथं घालतो!"

"आण बाबा," सायाळ म्हणाली. "पण ती तिनं लावलेली नसतील."

त्या थंडीत हरणांच्या लग्नात झेंडूचा गुच्छ होता. म्हातारी लग्नाला गेली नाही. ती रिकाम्या वाफ्याला पाणी घालत होती.

तात्पर्य : कळले नसताना मान डोलावू नये, आपली लाज घटकाभर झाकली जाते, पण दुसऱ्याचे मोलाचे काही कायमचे जाते.