जपानी तलवारीवरची खाच

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि शब्द साधे. तेवढं सांभाळून घ्यावं.

"मग खरी आहे की खोटी?" तान्हूबाईंनी पुन्हा विचारलं.

साताऱ्यात कासमभाई शिकलगारांच्या हत्यारांना धार लावायच्या दुकानात निसार मांडीवर जपानी तलवार घेऊन बसला होता. उस्ताद कासमभाईंच्या हाताखाली त्याची चार वर्षं झाली होती. तान्हूबाईंचे यजमान, फौजेतले सुभेदार, ही तलवार ब्रह्मदेशच्या लढाईतून घेऊन आले होते. ते वारून वर्ष झालं. त्यांच्या नावानं ती गावच्या तालमीत लावायची होती. पण गाव म्हणत होतं, म्हाताऱ्यानं ती रंगूनच्या बाजारात विकत घेतली.

निसारनं मुठीची खुंटी काढून आतलं लोखंड पाहिलं.

"आक्का, हा बघा कारखान्याचा छाप. जुन्या लोहारानं पाणी दिलं की धारेवर लाटेसारखी रेघ उमटते. इथं काही नाही. लढाईच्या घाईत अशा हजारोंनी काढल्या. हिला कसलं आलंय मोल! वर ही खाच... थांबा, घासून काढतो. निदान दिसायला तरी बरी दिसेल."

त्यानं कानस उचलली.

"ठेव खाली," कासमभाई म्हणाले. "तो लोखंडी गज घे. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा धर. वार अडवायला बंदूक धरतात तसा."

निसार हसत उभा राहिला.

उस्तादांनी मूठ पुन्हा बसवली. तलवार उगारली. सत्तरीतला हात, पण जरा म्हणून हलला नाही. निसारचं हसू मावळलं.

पातं सावकाश खाली आलं. अर्धगोल खाच गजावर चपखल बसली. मग पातं गजावरून घसरत घसरत निसारच्या डाव्या हाताशी आलं आणि थांबलं. अंगठ्याजवळच्या दोन बोटांवर धार टेकली. थंडगार.



"उस्ताद... बस करा."

"का? खोटी आहे ना?"

तान्हूबाईंनी तोंडाला पदर लावला होता. "त्यांना हीच दोन बोटं नव्हती. लोक म्हणायचे, कडबा तोडताना गेली. ते नुसते हसायचे."

निसारला हात खाली घ्यायचं सुचेना. एवढीशी ती खाच. इतकी वर्षं मुकाट सगळं धरून बसलेली... आणि तो तिला कानशीनं पुसायला निघाला होता.

"तालमीत लावा, आक्का," कासमभाई म्हणाले. "कुणी काही बोललं तर माझ्याकडं धाडा. गज इथंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निसार पात्याला तेल लावत बसला. खाचेपाशी आलं की फडकं आपोआप थांबे. शेवटी त्यानं विचारलं,

"उस्ताद, ज्याच्या हातात ही होती... त्या जपान्याचं काय झालं असेल?"

कासमभाईंनी हातातलं काम थांबवलं.

"आता तलवार बघायला लागलास."