फ्लोरियनचा हात

पोलंड देशातल्या एका खाणगावात फ्लोरियन नावाचा फुटबॉलपटू होता. असा चपळ, की चेंडू पायाला चिकटलाय असंच वाटावं. पण त्याला एक खोड होती. चेंडू चुकून हाताला लागला, की पंचांनी पाहिलेलं असो वा नसो, हा आपला हात वर करून मोकळा!

एकदा शेजारगावाशी अंतिम सामना होता. फ्लोरियनने गोल केला, गाव नाचू लागलं आणि याने हात वर केला. गोल रद्द झाला, करंडक गेला.

"अहो, पंचांना दिसलं नव्हतं ना?" त्याची बायको ब्रोन्या म्हणाली.

"मला दिसलं होतं."

या माणसाचं डोकं चालतं तरी कसं, ब्रोन्याला कोडंच पडे. की आपलंच काही चुकतंय? पोटातल्या बाळाला उद्या काय शिकवायचं, खरं बोल की जपून बोल?

मग युद्ध आलं. शत्रूने गाव घेतलं, फुटबॉलवर बंदी घातली. गडी बिटाच्या शेतात चोरून खेळू लागले. एक दिवस चेंडू शत्रूच्या शिपायांना सापडला. अधिकाऱ्याने अकराही जणांना चौकात उभं केलं.

"चेंडू कोणाचा? सांगा, नाहीतर सगळे चला!"

चेंडू फ्लोरियनचा होता. तान्ह्या लेकीला घेऊन ब्रोन्या गर्दीत उभी होती. 'आज तरी नको,' ती मनात घोकत होती. तेवढ्यात हात वर झालाच. दहा जण घरी गेले, फ्लोरियन सक्तमजुरीला.

पाच वर्षांनी परतला तो एक पाय ओढत.

"हाताने पाय खाल्ला तुमचा!" ब्रोन्या रडता रडता म्हणाली.

युद्ध संपलं होतं, पुन्हा शेजारगावाशी सामना ठरला. पण पंच कोण? माणसाचा माणसावर भरवसा उरला नव्हता. शेवटी शेजारगावचा कप्तानच दारात आला.

"वहिनी, पंच म्हणून फ्लोरियनदादा हवेत."

"अहो, पण ते तर आमच्या गावचे!"

"असू देत. त्यांचा हात आम्हाला ठाऊक आहे."

शेवटच्या मिनिटाला फ्लोरियनच्या गावाने गोल केला. शिट्टी वाजली. चेंडू गोल करणाऱ्याच्या हाताला लागला होता. फ्लोरियनचा हात वर झाला. गोल रद्द! कोणी हूं की चूं केलं नाही.

"आई, बाबांशी कोणीच कसं भांडत नाही?" लेकीने विचारलं.

ब्रोन्याचं कोडं तिथेच सुटलं. "अगं, तो हात त्यांनी आधी स्वतःविरुद्ध वर केलाय."

तात्पर्य: अंगाशी आलं की दोन्ही हात वर करणारे पुष्कळ, स्वतःहून एक हात वर करणाऱ्यावर मात्र परकाही विश्वास ठेवतो.