उताणे गुरुजी

प्राणी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायचे, तेव्हाची ही गोष्ट. कासवगुरुजींच्या शाळेत रोज प्रार्थना व्हायची, "पडलेल्याला उचलू, अडलेल्याला हात देऊ." चाल गुरुजींचीच. सूर चुकला की छडी.

एकदा ऐन प्रार्थनेत गुरुजी ओट्यावरून घसरले आणि पाठीवर आपटले. चारही पाय हवेत. "अरे, उचला मला!" ते ओरडले.

"गुरुजी, प्रार्थनेत हलायचं नसतं," ससा डोळे मिटूनच म्हणाला. माकडानं सूर धरला, बेडकांनी ताल. मग घंटा झाली आणि सगळे रांगेत, गुरुजींना वळसा घालून, वर्गात गेले.

ऊन चढलं. गुरुजींचं पोट भाजायला लागलं. तरी सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, "शाब्बास! आज एकही सूर चुकला नाही."